एकच ऊन, वेगवेगळ्या गोळ्या

मनाची औषधं, रोजचं जगणं : लेखांक ९

मे महिन्यात सकाळी साडेआठच्या सुमारास पुण्यात पर्वतीवरून किंवा तळजाईवरून उतरणाऱ्यांकडे पाहा. बहुतेकांच्या पाठी घामानं चिंब झालेल्या असतात. एखाद्याचा मात्र चेहरा लालबुंद, धाप लागलेली आणि शर्ट कोरडा. बरोबरचे कौतुकानं म्हणतात, "तुला घामच येत नाही की रे!" हा माणूस मानसोपचाराच्या गोळ्या घेत असेल, तर त्या कोरड्या शर्टाची काळजी करायला हवी.

मागच्या लेखांकात औषधांमुळे वाढणाऱ्या वजनाबद्दल बोललो आणि चालायला लागा, असं सुचवलं. त्यावर ओघानंच येणारा प्रश्न असा : गोळ्या चालू असताना उन्हातान्हात चालावं का, पळावं का, गड चढावेत का? उत्तर 'हो' असंच आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. गोळ्या घेणाऱ्यांनाही तोच हिशेब लागू आहे. नैराश्यात तर व्यायामाचा उपयोग होतोच होतो. मात्र 'भरपूर पाणी प्या आणि निघा' हा सरसकट सल्ला इथे पुरत नाही. शरीर थंड ठेवण्याच्या व्यवस्थेत प्रत्येक गोळी वेगळ्या ठिकाणी हात घालते, म्हणून उपायही गोळीगणिक बदलतो.

घाम अडवणाऱ्या गोळ्या

व्यायामानं स्नायूंत तयार झालेली उष्णता शरीर दोन वाटांनी बाहेर टाकतं : त्वचेकडे जास्त रक्त वळवून आणि घाम गाळून. घामग्रंथींना कामाला लावणारं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. त्याचं काम अडवणारं एक औषध आपल्याकडे पुष्कळांच्या चिठ्ठीवर असतं, ट्रायहेक्सिफेनिडिल. सायकोसिसवरच्या औषधांनी हात थरथरू लागले, अंग आखडलं, तर ही गोळी जोडीला दिली जाते. अमिट्रिप्टिलिन, क्लोरप्रोमाझिन, क्लोझापिन, ओलान्झापिन यांतही हा गुण कमी-अधिक असतो. शिवाय सायकोसिसवरची औषधं मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रातही ढवळाढवळ करतात.

अशा वेळी दोन बाटल्या पाणी रिचवूनही भागत नाही, कारण ते पाणी घाम होऊन बाहेरच येत नाही. इथे वेळ बदलणं हाच खरा उपाय. ऊन चढायच्या आत परतायचं किंवा ते उतरल्यावर निघायचं. मानेवर ओला पंचा ठेवायचा, हातांवर पाणी मारत राहायचं. त्वचेवरचं पाणी वाळताना घामाचंच काम करतं.

नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते, पण पारा ४५ अंशांवर गेला की तीही तोकडी पडते. मुंबई-कोकणात अडचण उलटी. हवा दमट असल्यामुळे ना घाम वाळत, ना पंचा. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला झालेल्या एका जाहीर सोहळ्यात उघड्यावर बसलेल्या लोकांपैकी काहींचा उष्माघातानं जीव गेला, तेव्हा पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. त्यामुळे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मोबाइलवर तापमानाबरोबर आर्द्रताही पाहावी आणि दोन्ही चढी असतील त्या दिवशी घरातच व्यायाम करावा.

लिथियम : पाण्याबरोबर मीठही

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवला. बायपोलर आजारात आजही ते पहिल्या फळीतलं औषध आहे. रक्तातली त्याची पातळी साधारण ०.६ ते १.० या पट्ट्यात ठेवली जाते, १.५ च्या वर विषबाधेची भीती. एवढी अरुंद पट्टी असलेली औषधं थोडीच.

मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. घामावाटे, जुलाबांवाटे शरीरातलं मीठ-पाणी गेलं की मूत्रपिंड उरलेलं सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही अडकून पडतं. आता एक ट्रेक डोळ्यांपुढे आणा. राजगडावर दुपारभर ऊन, उतरताना पाणी संपलेलं, रात्री गुडघा ठणकतो म्हणून मित्रानं पुढे केलेली डायक्लोफिनॅकची गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामकंही लिथियमची पातळी वाढवतात. म्हणजे एकाच दिवसात तीन बाजूंनी भर पडली. अशा दुखण्याला काय घ्यायचं, हे ट्रेकला जाण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. बहुतेक वेळा पॅरासिटामॉल सुचवलं जातं.

लिथियम घेणाऱ्यांनी रोजचं मीठ एकदम तोडू नये आणि हौसेनं वाढवूही नये. मीठ फार वाढलं तर लिथियम जास्त वाहून जातं आणि पातळी खाली येते. घाम गेला तेवढी भरपाई करायची : मीठ घातलेलं लिंबूपाणी, ताक किंवा पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवलेलं ओआरएस. उन्हाळा सुरू होताना किंवा व्यायाम एकदम वाढवताना रक्ततपासणी करून घ्यावी. आदल्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त देतात.

घाम वाढवणाऱ्या गोळ्या

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या गटातल्या नैराश्यावरच्या औषधांनी काहींना उलट जास्त घाम येतो. दुसरं असं, की या गोळ्यांमुळे रक्तातलं सोडियम घटू शकतं. विशेषतः साठी-पासष्टीनंतर आणि जोडीला लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल तर. अशा आजी-आजोबांना तहान नसताना घोट-घोट करत लिटरभर साधं पाणी पाजणं हिताचं नाही. फिरून आल्यावर डोकं दुखणं, मळमळणं, बोलण्यात गोंधळ उडणं असं वारंवार होत असेल, तर सोडियम तपासून घ्यावं.

चक्कर आणि नाडी

क्वेटियापिन, क्लोझापिन, अमिट्रिप्टिलिन यांनी उभं राहताना रक्तदाब झटकन उतरू शकतो. बागेत सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना हे आधी जाणवतं : डोकं खाली, मग भरकन वर, आणि डोळ्यांपुढे अंधारी. गती कमी करावी. शवासनातून उठताना आधी कुशीवर वळावं, मग बसावं, मग उभं राहावं. पळून झाल्यावर एकदम थांबू नये, पाच-दहा मिनिटं सावकाश चालावं. रात्री क्लोनाझेपामसारखी गोळी घेत असाल, तर पहाटेच्या अंधारात टेकडीच्या वाटेवर तोल सांभाळा.

धडधड कमी करायला प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांची नाडी व्यायामातही फारशी चढत नाही. घड्याळातला आकडा गाठायच्या नादात ते दमछाक करून घेतात. त्यापेक्षा सोपी खूण : बोलता यावं, पण गाता येऊ नये, एवढाच वेग. मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या मुलांचं उलटं. नाडी वाढते आणि थकवा उशिरा कळतो, म्हणून मैदानावर सक्तीची विश्रांती हवी.

थांबायचं कधी?

चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं, अंग भाजल्यासारखं तापणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत, मग घाम येत असो वा नसो. माणसाला सावलीत हलवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. या तापावर पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. लिथियम घेणाऱ्याला उलट्या-जुलाब झाले, हात जोरात थरथरू लागले, जीभ जड झाली, तर लोकांना तो प्यायल्यासारखा वाटेल. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

एरवी उन्हाच्या धास्तीनं मनानं गोळी बंद करू नये. तो धोका उन्हापेक्षा मोठा ठरू शकतो. शरीराला उकाड्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, तेवढा काळ व्यायाम हळूहळू वाढवावा. पुढच्या भेटीला सगळ्या गोळ्यांची यादी न्या, रक्तदाबाच्याही, आणि तीन गोष्टी विचारा : यातली कोणती घामावर परिणाम करते, कोणती मीठ-पाण्यावर, आणि कोणती रक्तदाबावर किंवा नाडीवर? उत्तरं त्याच यादीवर लिहून घ्या आणि एक प्रत बरोबर फिरायला येणाऱ्याकडे द्या.

(पुढील लेखांकात : उपवास आणि औषधं)