कुंडीतले राखणदार

डोंबिवलीतल्या खिडकीची ग्रिल असो, कल्याणच्या जुन्या चाळीपुढचा वाफा असो की ठाण्यातली गच्ची. एखादी तरी जास्वंद तिथे असतेच. गणपतीला घरचे लाल फूल वाहण्याचे समाधान काही वेगळेच! पण जास्वंदीपाठोपाठ तिच्या कोवळ्या शेंड्यांवर कापूस चिकटल्यासारखा पांढरा थरही येतो. हा पिठ्या ढेकूण. तो दिसला की घरातला झुरळांच्या औषधाचा डबा बाहेर निघतो. दोन दिवस शेंडे स्वच्छ दिसतात आणि पंधरवड्यात पीठ पुन्हा हजर!

असे का व्हावे? पिठ्याच्या अंगावरचे मेण त्याला आणि त्याच्या अंड्यांना औषधापासून बऱ्यापैकी वाचवते. त्याला खाणारे कीटक मात्र उघड्यावर हिंडत असतात. ते पहिल्या फवाऱ्यातच मरतात. शिवाय शेजारच्या कुंडीतला पुदिना आपल्याच चटणीत जायचा असतो, हे वेगळेच.

हे मित्र ओळखायला हवेत. ठिपक्यांचा लाल ढालकिडा मुलांनाही ठाऊक असतो. पण त्याची अळी काळपट, लांबुडकी, इवल्याशा मगरीसारखी दिसते. मावा फस्त करणारी ही अळी ‘कीड’ म्हणून आपण चिरडतो. क्रिप्टोलिमस हा ढालकिडा पिठ्या खातो. १८९८ साली कॉफीवरच्या किडीसाठी तो ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याची अळी पिठ्यासारखीच पांढरी, मेणाचे धागे ल्यालेली. पण आकाराने मोठी आणि चपळ. पानावर केसासारख्या देठांवर उभी असलेली बारीक अंडी दिसली, तर ती क्रायसोपाची. त्याच्या अळ्याही मावा आणि पिठ्यावरच जगतात.

हे छोटे जीव काय करू शकतात? २००८ मध्ये पपईवरचा परदेशी पिठ्या कोईम्बतूरला आढळला आणि पुढे महाराष्ट्रातही पसरला. जास्वंदही त्याने सोडली नाही. फवारण्या करून शेतकरी थकले. २०१० मध्ये बेंगळुरूच्या संस्थेने, आजच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने, पोर्तो रिकोहून त्याचे नैसर्गिक शत्रू मागवले. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या या माश्या पिठ्याच्या अंगातच अंडी घालतात आणि त्यांची अळी त्याला आतून पोखरते. पपईच्या बागा सावरल्या त्या या माश्यांमुळे.

आपल्या कुंडीत हे राखणदार टिकावेत कसे? आधी मुंग्या रोखाव्यात. पिठ्याचा गोड चिकटा त्यांना हवा असतो, म्हणून गवळ्याने गुरे राखावीत तशा त्या पिठ्याला राखतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. फांद्या ग्रिलला टेकू देऊ नयेत. खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीनचा हात फिरवावा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठवण्याचा उपाय मात्र नको. डेंग्यू पसरवणारा डास तिथेच अंडी घालतो. ताटल्या आठवड्यातून एकदा घासून कोरड्या कराव्यात. पिठ्याने भरलेला शेंडा छाटून पिशवीत बांधून टाकावा, उरलेला पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा आणि आठवडाभर वाट पाहावी. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची दोन-चार रोपे फुलावर येऊ द्यावीत. त्या बारीक फुलांतला मध या माश्यांचे अन्न असते.

भिंतीवरचे कुंभारमाशीचे मातीचे घरही खरवडण्याची घाई नको. अळी भृंगीच्या ध्यासाने भृंगीच होते, हा दृष्टान्त आपण कीर्तनांतून ऐकलेला असतो. प्रत्यक्षात माशी झाडावरची अळी नांगी मारून निपचित करते, घरट्यात कोंडते आणि तिची पिल्ले त्या अळीवर वाढतात. आपल्या झाडांची राखण आपोआप होते.

आणि प्रत्येक अळी शत्रू नसते. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉर्मन म्हणजे नीलवंत, लिंबाच्या कुळातली पाने खाऊनच मोठे होते. घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत अळ्यांच्या आवडीची झाडे लावली, तेव्हा फुलपाखरे आपण होऊन आली. लिंबाची चार पाने कुरतडलेली दिसली, तर डब्याकडे हात जाण्याआधी पान उलटून पाहावे. मुलांना सोबत घेतले तर उत्तमच; त्यांची नजर आपल्याहून तेज असते.