दूरचा हात

कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगर आहे. तिथल्या आसपासच्या गावांत १९९८ साली संगणक आले. उसाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. पण यंत्र म्हटले की बिघाड आलाच. गावोगावचे संगणक सांभाळणे खर्चाचे होऊन बसले.

२०२२ साली केंद्र सरकारने गावोगावच्या विकास सोसायट्या संगणकावर आणायची योजना मंजूर केली. आता बिघाड झाला तर दर वेळी माणूस गावात यावा लागत नाही. तो दुरूनच दुरुस्ती करतो. कशी, ते पाहू.

समजा, पीककर्ज भरायची मुदत आज संपते. मुदतीत भरले तरच व्याजाची सवलत. आबा पैसे घेऊन सोसायटीत आले. पण संगणक पावती देईना! गटसचिवांनी शहरात फोन लावला. पडद्यावर एक आकडा होता, तो सांगितला. मग पडद्यावर प्रश्न आला, "परवानगी द्यायची का?" सचिवांनी "होय" वर दाबले. लगेच पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला.

"आरं, ह्यो बाण कोण हलवतंय?" आबांनी विचारले.

"शहरातला माणूस, आबा. आपला पडदा त्याला तिथं दिसतोय. त्यानं तिथं हात हलवला की इथं बाण हलतो."

हे सारे इंटरनेटवरून चालते. वीज गेली किंवा इंटरनेट बंद पडले की काही चालत नाही. मग माणसाचीच वाट पाहायची. आणि पडद्यावर जे उघडे असेल ते सगळे त्याला दिसते. म्हणून सचिव दुसरे कागद आधी बंद करतात आणि काम होईपर्यंत जागचे हलत नाहीत.

आबा म्हणाले, "परवा मलाबी फोन आला हुता. बँकेतनं बोलतोय, मोबाइलवरचा आकडा सांगा म्हणाला."

"सांगितला न्हाई न्हवं?" सचिव दचकले. "आबा, हितं फोन मी केला. माणूस माझ्या वळखीचा. तुमाला फोन करणारा कोण, कुणाला ठावं? आकडा दिला, परवानगी दिली, की तुमचा मोबाइल त्याच्या हातात. खातं रिकामं हुतंय."

खरेच आहे. एनीडेस्क नावाच्या अशाच साधनातून लोकांचे पैसे जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच दिला होता. साधन वाईट नाही. ते कुणाच्या हाती देतो, हा प्रश्न आहे. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या नंबरवर फोन करावा.

"न्हाई सांगितला," आबा म्हणाले. "चष्मा सापडंना, म्हणून वाचलो."

तेवढ्यात बाण थांबला. सचिवांनी जोडणी बंद केली. पावती बाहेर आली. आबांनी ती दोनदा वाचली आणि खिशात ठेवली.