सामान्यज्ञान : उत्तराच्या अलीकडे आणि पलीकडे



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांच्याकडे मी नागरिकशास्त्र शिकलो. त्यांची एक पद्धत येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. दर सोमवारी ते कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर सामान्यज्ञानाचा एक प्रश्न लिहीत. शनिवारी त्याखाली उत्तर येई. पण उत्तराशी ते थांबत नसत. उत्तराखाली खडूने आणखी दोन लहान प्रश्न असत : ‘कोणी ठरविले? केव्हापासून?’ आम्ही मुले उत्तर उतरवून घेत असू आणि हे दोन प्रश्न सोडून देत असू. ते सोडून दिल्याची किंमत मला पुढे कळली. आजच्या विषयाचा प्रारंभ म्हणून ती हकीकत प्रथम सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेत मी परीक्षक होतो. ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ असा प्रश्न मी विचारला. अपेक्षित उत्तर अर्थातच ‘हॉकी’. एका मुलीने उभे राहून उत्तर दिले, ‘असा कोणताही खेळ जाहीर झालेला नाही.’ सभागृहात हशा पिकला. मी शून्य गुण दिले आणि तिचा संघ एका गुणाने हरला. समारंभ आटोपल्यावर गुरुजी माझ्याजवळ आले. त्यांनी एवढेच विचारले, ‘हॉकी हा राष्ट्रीय खेळ असल्याचे मूळ कोठे छापले आहे, ते मला दाखवाल काय?’ मी घरी येऊन पुस्तके चाळली. प्रत्येक पुस्तकात ‘हॉकी’ होते. परंतु आदेश, ठराव वा अधिसूचना एकातही नव्हती. एका पुस्तकाने दुसऱ्याचे उतरवून घेतले होते, इतकेच. तरीही मी गप्प राहिलो.

२०१२ साली एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकाराखाली हाच प्रश्न सरकारला विचारला. कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेले नाही, असे केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाने उत्तर दिले. ते वृत्त वाचले आणि मला ती शून्य गुणांची नोंद आठवली.

सामान्यज्ञान हा विषय हलका समजला जातो. वस्तुतः नोकरीच्या परीक्षेत एका गुणाने एखाद्याचे आयुष्य इकडचे तिकडे होते. म्हणून नागरिकशास्त्र, क्रीडा आणि वन्यजीवन या तीन क्षेत्रांतील काही परिचित प्रश्न गुरुजींच्या त्या दोन कसोट्यांवर घासून पाहण्याचा माझा विचार आहे.

नागरिकशास्त्र : ‘केव्हापासून?’

नागरिकशास्त्रातील उत्तरे पाषाणावर कोरलेली नसतात. ती घटनादुरुस्तीबरोबर बदलतात. मतदानाचे किमान वय किती? आमच्या पिढीने ‘२१ वर्षे’ असे पाठ केले. ६१व्या घटनादुरुस्तीने ते १९८९ मध्ये १८ वर्षे झाले. मूलभूत हक्क किती? मूळ घटनेत सात होते. ४४व्या दुरुस्तीने संपत्तीचा हक्क त्या प्रकरणातून काढला व तो अनुच्छेद ३०० क मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून ठेवला; तेव्हापासून सहा. लोकसभेत सदस्य किती? २०२० पूर्वी ५४३ निर्वाचित आणि अँग्लो-इंडियन समाजाचे जास्तीत जास्त दोन नियुक्त, म्हणून ‘५४५’ हे उत्तर बरोबर असे. १०४व्या दुरुस्तीनंतर ती नियुक्ती संपली आणि २०२४ ची निवडणूक ५४३ जागांसाठीच झाली. जुने पुस्तक खोटे नव्हते. ते जुने होते. उत्तराबरोबर वर्ष सांगण्याची सवय लावली तर निम्मे वाद मिटतील.

आता आपल्या अगदी जिव्हाळ्याचा प्रश्न. ‘भारताची राष्ट्रभाषा कोणती?’ ग्वाल्हेरातला कोणताही विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता ‘हिंदी’ म्हणेल. घटनेत ‘राष्ट्रभाषा’ हा दर्जा कोणत्याच भाषेला दिलेला नाही. अनुच्छेद ३४३ नुसार देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा, म्हणजे सरकारी कामकाजाची भाषा आहे. आठव्या अनुसूचीत १९५० साली १४ भाषा होत्या. १९६७ मध्ये सिंधी आली. १९९२ मध्ये कोकणी, मणिपुरी व नेपाळी आल्या. २००३ च्या दुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली व संथाली आल्या आणि संख्या २२ झाली. मराठी त्या यादीत प्रारंभापासून आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. १९४८ मध्ये मध्य भारत राज्य झाले, तेव्हा ग्वाल्हेर ही त्याची हिवाळी राजधानी व इंदूर ही उन्हाळी राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले. भाषावार प्रांतरचना झाली खरी. पण प्रत्येक सीमेच्या दोन्ही बाजूंना दुसरी भाषा बोलणारी माणसे उरलीच. त्यांचा विचार करून त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क घातला गेला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, यासाठी प्रत्येक राज्याने झटावे, असे त्यात म्हटले आहे. अनुच्छेद ३० ने तर अशा समाजाला आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. आपण आज ज्या मराठी शाळेच्या छपराखाली बसलो आहोत, ती कोणाच्या मेहेरबानीवर उभी नाही, हे या दोन अनुच्छेदांनी सांगितले आहे. दुर्दैव असे की, ‘राष्ट्रभाषा कोणती?’ हा चुकीचा प्रश्न आमच्या मुलांना शंभरदा विचारला जातो. अनुच्छेद ३५० क एकदाही विचारला जात नाही.

क्रीडा : ‘पहिला’ म्हणजे कोणांत पहिला?

खेळांविषयीच्या प्रश्नांत ‘पहिला’ आणि ‘सर्वाधिक’ हे दोन शब्द फार फसवे आहेत. आपल्या गावाला अभिमान वाटावा असे उदाहरण घेऊ. २४ फेब्रुवारी २०१० रोजी येथल्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर सचिन तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. ‘आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक कोणाचे?’ या प्रश्नाला पुस्तके एकमुखाने त्यांचे नाव सांगतात. पुरुषांच्या क्रिकेटपुरते ते बरोबरच आहे. परंतु त्याआधी बारा वर्षांहून अधिक काळ, १६ डिसेंबर १९९७ रोजी, महिलांच्या विश्वचषक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्क यांनी डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या, आणि तो सामनाही मुंबईत, वांद्र्याच्या मैदानावर झाला होता. प्रश्नात ‘पुरुषांच्या’ हा एक शब्द घातला तर सचिन यांच्या खेळीचे तेज तसूभरही कमी होत नाही. तो गाळला तर मात्र एका खेळाडूचे कर्तृत्व पुसले जाते, आणि प्रश्न ऐकणाऱ्या प्रत्येक मुलीला न बोलता काहीतरी शिकविले जाते.

ज्यांचे नाव त्या मैदानाला आहे ते रूपसिंह म्हणजे मेजर ध्यानचंद यांचे धाकटे बंधू. ग्वाल्हेर संस्थानाच्या सैन्यात ते होते व १९७७ मध्ये ग्वाल्हेरातच त्यांचा अंत झाला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेचा २४ विरुद्ध १ असा पराभव केला. त्यांतील दहा गोल रूपसिंहांचे व आठ ध्यानचंदांचे. हा आकडा सर्वांना पाठ असतो. मात्र त्या वर्षी हॉकीत भारत, जपान व अमेरिका असे तीनच संघ होते, आणि दोन्ही सामने हरूनही अमेरिकेला कांस्यपदक मिळाले, ही दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. जागतिक मंदीच्या त्या काळात समुद्रापलीकडे संघ पाठविणे बहुतेक देशांना परवडणारे नव्हते. ही पार्श्वभूमी कळली की तो आकडा लहान होत नाही. तो इतिहासात आपल्या जागी बसतो.

वन्यजीवन : एका शब्दाच्या उत्तरामागची माणसे

आपला राष्ट्रीय प्राणी वाघ. परंतु १९७२ पर्यंत तो मान सिंहाला होता. वाघांची संख्या झपाट्याने घटत होती म्हणून हा बदल झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. २००६ च्या गणनेत देशात अवघे १४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला. २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३६८२ आला व त्यांत ७८५ वाघांसह मध्य प्रदेश पहिला होता.

दुसरा प्रश्न चित्त्याचा. आपण मराठीत पुष्कळदा बिबट्यालाच चित्ता म्हणतो. बिबट्याच्या अंगावर गुलाबाच्या फुलासारखी पोकळ वर्तुळे असतात. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंसारखी काळी रेघ असते. बिबट्या डरकाळी फोडू शकतो. चित्त्याला ती साधत नाही, तो पाखरासारखा चिवचिवतो व मांजरासारखा गुरगुरतो. वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर असे छापलेले असते. बोट्स्वानात रानातल्या चित्त्यांच्या गळ्यात यंत्रे बांधून मोजणी केली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सर्वांत मोठा वेग ताशी ९३ किलोमीटर आढळला आणि बहुतेक शिकारींत तो याहून पुष्कळ कमी होता. चित्त्याचे यश नुसत्या धावण्यात नसून एकाएकी वेग आवरून वळण्यात आहे, हे त्यातून दिसले.

कोल्हापूरसारख्या संस्थानांत चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार करीत. रानातले चित्ते मात्र संपत गेले. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, ती शेवटच्या नोंदींपैकी एक मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आणलेले आठ चित्ते कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा आले, आणि मार्च २०२३ मध्ये येथल्या भूमीवर बछडी जन्मली. ‘चित्ते कोठे सोडले?’ ‘कुनो.’ उत्तर पूर्ण, गुण एक.

हे कुनो आपल्या शेजारच्या श्योपुर जिल्ह्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंत माधवराव शिंदे यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून त्याच मुलखात सोडले होते. ते गुरांवर व माणसांवर उठले आणि प्रयोग फसला. पुढे गीरचे सर्व सिंह एकाच ठिकाणी असणे धोक्याचे आहे, एखाद्या साथीत सारा वंश बुडेल, असा विचार होऊन सिंहांचे दुसरे घर म्हणून कुनोची निवड झाली. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत एका विषाणुजन्य रोगाने सुमारे एक हजार सिंह दगावले, हे पाहता ती चिंता निराधार नव्हती. सिंहांसाठी जागा मोकळी व्हावी म्हणून १९९८ ते २००३ या काळात कुनोतील २४ गावे उठविण्यात आली. सुमारे दीड हजार कुटुंबे. बहुसंख्य सहरिया आदिवासी. सालईचा डिंक व रानातली इतर जिन्नस गोळा करून जगणारी ही माणसे शेतीच्या भरवशावर बाहेरच्या माळावर वसविली गेली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सहा महिन्यांत सिंह हलविण्यास सांगितले. त्याच निकालाने आफ्रिकी चित्ते आणण्याची आज्ञा रद्द केली. पुढे २०२० मध्ये प्रायोगिक तत्त्वावर चित्त्यांना परवानगी मिळाली. २०२५ च्या गणनेत सिंह ८९१ झाले, परंतु गुजरातमध्येच. ज्यांच्यासाठी गावे उठली ते सिंह आलेच नाहीत. आले ते चित्ते.

चित्ते आणणे योग्य की अयोग्य, याचा निवाडा देण्यास मी अधिकारी नाही. तज्ज्ञांतही त्याविषयी मतभेद आहेत. माझे म्हणणे इतकेच की, ‘कुनो’ हे दोन अक्षरी उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या २४ गावांची गोष्टही ठाऊक असावी. येथून काही तासांच्या वाटेवर ती माणसे राहतात.

समारोप

पाठांतर वाईट, असे मी म्हणत नाही. ज्याच्या डोक्यात काहीच साठविलेले नाही त्याला शंकाही येत नाही. ध्यानचंद कोण, अनुच्छेद ३४३ काय म्हणतो, गीर कोठे आहे, हे माहीत असलेच पाहिजे. त्यापुढे उत्तराला वर्ष जोडावे, मोजणीत कोण धरले व कोण सुटले ते पाहावे, आणि उत्तर मूळ कोठून आले याचा छडा लावावा. इतके केले की सामान्यज्ञान खरोखरीच ज्ञान होते. आणि परीक्षकाने एवढे लक्षात ठेवावे की, छापील उत्तराशी न जुळणारे उत्तर ऐकताच हसू नये. आधी मूळ पाहावे.

शाळेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. कार्यालयाबाहेरचा तो फळा आजही भिंतीवर आहे. त्यावर सध्या केवळ सूचना लिहिल्या जातात. दर सोमवारचा प्रश्न पुन्हा सुरू करावा. खडूचा खर्च मी आनंदाने देईन.

शेवटी त्या विद्यार्थिनीविषयी. ती आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. ही पुस्तिका माजी विद्यार्थ्यांमार्फत गावोगावी जाते. कदाचित तिच्याही हाती पडेल. बाई, त्या दिवशी तुमचे उत्तर बरोबर होते. तुमच्या संघाचा तो एक गुण मी चुकीने कापला आणि शंका आल्यावरही कबूल केले नाही. मी आपली व आपल्या सहकाऱ्यांची क्षमा मागतो. गुरुजींच्या हयातीत हे त्यांच्यासमोर बोललो नाही, ती खंत आहेच; आज त्यांच्या प्रतिमेसमोर बोललो.