सूर घरी येताना (लेखांक ७) : क्लास सुटल्यावरचे पाच दिवस

मागच्या लेखात आपण गुरू कसा निवडावा ते पाहिलं. त्यानंतर भेटलेल्या बहुतेक पालकांनी एकच प्रश्न विचारला. ‘आम्हाला गाण्यातलं काहीच कळत नाही, मग घरी रियाज कसा करून घ्यायचा?’ आजचा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी माझा अनुभव सांगते. गेली बावीस वर्षं मी मुलांना गाणं शिकवते. माझ्याकडे टिकून राहिलेल्या, पुढे मनापासून गाऊ लागलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी कुणालाही गाणं येत नव्हतं. उलट आईने किंवा वडिलांनी लहानपणी चारदोन परीक्षा दिलेल्या होत्या, अशा घरांतली काही मुलं लवकर थांबली. तेव्हा ‘कळत नाही’ ही गोष्ट मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडून जे हवं आहे, त्यासाठी सूरज्ञान लागत नाही.

मुळात हा प्रश्न आपल्या घरात आला कसा, ते समजून घ्यायला हवं. जुन्या पद्धतीत तो नव्हताच. मिरजेला पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकवत, तेव्हा विद्यार्थी गुरूच्या सहवासात राहून शिकत. पहाटे शिष्य खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावायला बसला की त्याचा आवाज गुरूच्या कानावर पडे. सूर ढळला तर आतून हाक येई. शिकवणं ठरावीक वेळीच होई, पण ऐकणं दिवसभर चाले. त्याची किंमतही मोठी होती. घर सोडावं लागे, वर्षानुवर्षं गुरूची सेवा करावी लागे, आणि गुरूची मर्जी असेल तरच विद्या मिळे. सामान्य घरातल्या मुलाला हे परवडणारं नव्हतं. मुलीला तर त्याहून नाही.

याच मिरजेत बुवांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. वर्ग, वेळापत्रक, स्वरलिपीची पुस्तकं, इयत्तेप्रमाणे अभ्यासक्रम आणि परीक्षा. फी भरून, पुस्तक घेऊन, रोज घरी परत जाऊन कुणालाही गाणं शिकता यावं, असं ते काम होतं. १९३१ साली त्यांचं निधन झालं आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज आपली मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार या ज्या पायऱ्या चढतात, त्या या मंडळाच्या. आपल्या आज्या, आया आणि आपण स्वतः गाण्यापर्यंत पोहोचलो, त्यात या पायऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. परीक्षांना सरसकट नावं ठेवणारे लोक हे विसरतात.

पण गाणं गुरूच्या घरून वर्गात आलं, तेव्हा रियाजाची जागाही बदलली. त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. आज मूल आठवड्यातून दोन दिवस पाऊण-पाऊण तास क्लासला येतं. उरलेले पाच दिवस गाणं तुमच्या घरात असतं. आतल्या खोलीतून ऐकणारा गुरूचा कान मात्र त्याच्याबरोबर तुमच्या घरी आलेला नाही. ती जागा रिकामी आहे. पालकाने भरायची ती एवढीच जागा, ऐकणाऱ्याची. शिकवणाऱ्याची जागा भरलेली आहे, तिथे दुसरा माणूस आला की मुलाची ओढाताण होते.

ही ओढाताण मी जवळून पाहिली आहे. नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे यायची. गळा गोड, पाठांतर चांगलं. पण गाताना सारखी वर बघायची, माझ्या तोंडाकडे. प्रत्येक ओळीनंतर थांबायची. मला वाटलं, सवय असेल. मग एकदा तिच्या घरी जाणं झालं आणि रियाज पाहिला. आई समोर बसलेली, हातात वही. ओळ संपली की ‘हं’ किंवा ‘परत म्हण, बेसूर झालं’. आईचं काही वाईट नव्हतं, मुलगी चांगली गावी एवढीच तिची तळमळ. पण त्या मुलीने सूर शोधायची जागाच बदलली होती. तानपुऱ्यात शोधायचा षड्ज ती आईच्या चेहऱ्यावर शोधत होती. डोळे कामाला लागले की कान मिटतात. मी आईला एकच विनंती केली, समोर बसू नका, शेजारी बसा. दोघींचं तोंड एकाच दिशेला, भिंतीकडे, मध्ये तानपुरा. त्या मुलीची मान खाली यायला दोन महिने लागले. तिचा सूर त्यानंतर लागला.

शेजारी बसून करायचं काय? पहिलं म्हणजे वेळ राखायची. रोज वीस मिनिटं, एकाच जागी, शक्यतो एकाच वेळी. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही. गळ्याला आणि कानाला रोजची ओळख लागते, ती चार दिवसांच्या खंडात पुसट होते. शाळा, शिकवणी आणि गृहपाठ यांतून वीस मिनिटं काढणं मुलाच्या हातात नसतं. ते मोठ्या माणसानेच करावं लागतं.

दुसरं, तानपुरा. सुरुवातीला खरा तानपुरा घ्यायची गरज नाही. मिरजेचे तानपुरे जगभर जातात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. जमलं तर मुलाला एकदा तिथे नेऊन भोपळ्याचा तानपुरा होताना जरूर दाखवा. पण घरच्या रियाजाला मोबाइलमधला तानपुरा चालतो. फक्त पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर सा धरायचा ती, गुरूने सांगितलेलीच हवी. काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या मुलीला कुणी घाईत काळी एक लावून दिली, तर ती बिचारी गात राहते आणि गळा आवळून घेते. पट्टीबरोबर तानपुऱ्याची पहिली तारही बघा. एका पालकांनी मोठ्या निष्ठेने आठवडाभर रोज तानपुरा लावून दिला होता, नेहमीसारखा पंचमाचा. मुलगा म्हणत होता राग मालकंस. मालकंसात पंचम वर्ज्य असतो, तेव्हा तानपुरा मध्यमाला लावावा लागतो. आठवडाभर त्या मुलाच्या कानात रागात नसलेला स्वर वाजत राहिला आणि ‘मालकंस जमतच नाही’ म्हणून तो रडकुंडीला आला. चूक माझी होती. नवा राग देताना तानपुरा कसा लावायचा, हे मी वहीत लिहून दिलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक रागाच्या डोक्यावर पट्टी आणि तारा लिहून देते. तुमच्या गुरूंकडून हे लिहून मागा. त्यांना राग येणार नाही.

तानपुरा लागला की पहिली पाच मिनिटं फक्त सा. मुलं यालाच कंटाळतात आणि पालक इथेच ‘चल, बंदिश म्हण’ म्हणून पुढे ढकलतात. तसं करू नका. तुम्हीही डोळे मिटून ती पाच मिनिटं ऐका. सा तानपुऱ्यात मिसळला की दोन आवाजांचा एक होतो. न शिकलेल्या कानालाही ते महिन्याभरात जाणवू लागतं.

तिसरं, ताल. यात न गाणारा पालक सगळ्यात उपयोगी पडतो. तीनताल सोळा मात्रांचा, चार चार मात्रांचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे हात उघडा. हे एका संध्याकाळी येतं. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील एसटीत वाहक होते. ड्यूटीवरून आले की चहा घेऊन मुलीजवळ बसायचे आणि ती गात असेपर्यंत मांडीवर तीनताल धरायचे. राग कोणता, हे त्यांनी कधी विचारलं नाही. सहा महिन्यांनी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, त्यांची मान आपोआप डोलायला लागली. त्या मुलीची लय पुढे कधी हलली नाही. तिच्या सगळ्या रियाजाखाली त्या मांडीवरच्या टाळ्या होत्या.

मोबाइलवर क्लास ध्वनिमुद्रित करून नेणं आता सगळीकडे रूढ झालंय. ते ऐकण्यासाठी वापरा. मूल त्याच्याबरोबर गायला लागलं की मात्र थांबवा. गुरूच्या आवाजात आवाज मिसळून सगळंच सुरेल वाटतं, आणि ध्वनिमुद्रण बंद केलं की सा सापडत नाही. आधी ऐकायचं, मग बंद करायचं, मग गायचं. या क्रमाबाबत मी कडक आहे.

आता परीक्षेकडे येऊ. परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात. पहिल्या पायऱ्यांना लेखी पेपर नसतो. मूल परीक्षकांसमोर बसतं, आरोह-अवरोह, बंदिश, दोन-चार आलाप-ताना म्हणतं, हातावर ताल धरून दाखवतं. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर येतं. बाहेर बाकावर बसलेले पालक मात्र पहिला प्रश्न विचारतात, ‘सगळं विचारलेलं आलं ना?’ माझी विनंती आहे, तो प्रश्न घरी जाईपर्यंत मागे ठेवा. अनोळखी पेटी, अनोळखी तबला, अनोळखी माणसं, अशा खोलीत मूल एकटं गाऊन आलेलं असतं. त्याला आधी पाणी द्या.

परीक्षेमुळे दोन गोष्टी चांगल्या होतात. रियाजाला तारीख मिळते, आणि मूल परक्या माणसासमोर गायला शिकतं. बिघडतं ते अभ्यासक्रम म्हणजेच गाणं, असं घराने ठरवलं की. ठरलेले राग, प्रत्येकाची एक बंदिश, वहीत लिहिलेल्या पाच ताना, त्याही सोळा मात्रांच्या मापात कापलेल्या. मूल त्या घोकतं, पहिल्या श्रेणीत पास होतं, पुढची परीक्षा लगेच भरली जाते. हा गाडा वरच्या परीक्षांत जाऊन अडतो. तिथे भूप आणि देशकार हे राग समोर येतात. दोन्हींत स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूप गंधारावर रेंगाळतो, देशकाराचा जीव धैवतात असतो, आणि तो वरच्या अंगाने चालतो. हा फरक वहीत एका ओळीत मावतो, पण गाऊन दाखवायचा तर भूप काही वर्षं गळ्यात मुरलेला लागतो. घोकलेल्या पाच तानांचा इथे काही उपयोग होत नाही. म्हणून गुरूंना ‘किती राग झाले?’ असं विचारू नका. ‘भूप न थांबता किती वेळ गाते?’ असं विचारा. दोन मिनिटांची पाच मिनिटं झाली, तर ते वर्ष सार्थकी लागलं, परीक्षा दिली असो वा नसो.

दहावीच्या वाढीव गुणांबद्दलही स्पष्ट बोलते. शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना दहावीला सवलतीचे गुण मिळतात. योग्य सोय आहे, कलेला शाळेने दिलेली ती दाद आहे. पण आठवीत पहिल्यांदा क्लासला येऊन ‘दोन वर्षांत जमतील तेवढ्या परीक्षा करून द्या’ म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते. त्या गुणांसाठी मुलाच्या मनात गाण्याबद्दल जी नावड तयार होते, ती पुढे जन्मभर जात नाही.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक. बारा ते पंधराच्या दरम्यान कधीतरी आवाज फुटतो. काल काळी चारमध्ये लखलखीत गाणारा मुलगा आज मध्यमावर चिरकतो, आणि आपलं गाणं गेलं असं समजतो. याच काळात माझ्याकडचे सर्वाधिक मुलगे सुटले. घरात कुणी हसू नये, पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव’ म्हणू नये, परीक्षा एक-दोन सत्रं पुढे ढकलावी. पट्टी खाली आणून हळू आवाजात सा आणि मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर चालू ठेवावेत. पेटी किंवा तबला हाताळू द्यावा, भरपूर ऐकवावं. वर्ष-दीड वर्षात नवा आवाज बसतो.

आणि ज्यांना अजूनही वाटतं, आपल्याला काही येत नाही, त्यांना डॉ. प्रभा अत्रे यांच्या घरची गोष्ट सांगते. त्यांच्या आईची प्रकृती ठीक नसे. गाणं शिकल्याने मनाला बरं वाटेल, असं कुणीतरी सुचवलं आणि आईची शिकवणी सुरू झाली. आईचं शिकणं थोड्याच दिवसांत थांबलं. पण शेजारी बसून ऐकणारी आठ वर्षांची प्रभा शिकत राहिली, पुढे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे गेली. त्या घरात गाणं आईच्या हातून आलं.

या आठवड्यात एवढं करून बघा. एका संध्याकाळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. मग तानपुऱ्याचं काय? घरातला दुसरा फोन त्यासाठी घ्या. मुलाच्या शेजारी वीस मिनिटं बसा, हातावर ताल धरा आणि रियाज संपेपर्यंत एकही शब्द बोलू नका. शेवटी फक्त विचारा, ‘आज कुठलं म्हणताना मजा आली?’ उत्तर आलं तर ते वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या क्लासला गुरूंना दाखवा.

पुढच्या लेखात तबला शिकणारी मुलं : पावसाळ्यात उतरणारी पुडी, सदनिकेतले शेजारी आणि हातापेक्षा तोंडाने आधी म्हणायचे बोल.