दुर्जनाचें बाळपण

कादंबरींतील मनुष्य दुर्वृत्त कां झाला, असें आमचे विद्यार्थी नेहमीं विचारतात. वि. स. खांडेकरांनीं १९५९ सालच्या 'ययाति'मध्यें त्याचें उत्तर ययातीच्याच तोंडून वदविलें आहे. सौंदर्य ओसरेल या भयानें मातेनें त्यास अंगावर पाजलें नाहीं. पित्यास शाप, कीं त्याच्या मुलांच्या नशिबीं सुख नाहीं. अशा घरांत वाढलेल्या राजाची आपणांस कींव येते, आणि येथेंच वाचक फसतो, असें आम्हांस वाटतें. कारण थोरला भाऊ यति त्याच शापास भिऊन भोगापासून दूर पळाला. ययाति भोगाकडे धांवला! कादंबरीकारानें कारण दिलें, क्षमा दिली नाहीं. पोटच्या पूरूच्या अंगावर बापाचें वार्धक्य चढतें, त्या प्रसंगीं ययातीचें बाळपण वाचकांनीं पुन्हा आठवून पाहावें.