कदमताल ते कर्तव्यपथ

दरवर्षी दिवाळी आली की राज्यातली बरीच शाळकरी आणि महाविद्यालयीन मुलंमुली घरापासून लांब, एखाद्या शिबिराच्या मैदानावर उभी असतात. सुट्टीच्या आगेमागे राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या, निवड शिबिरांची धांदल सुरू असते. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरासाठी दिल्लीला जाणारा महाराष्ट्राचा संघ या शिबिरांतून निवडला जातो. घरी आकाशकंदील लागलेला असताना ही पोरं पहाटे उठून बुटांना पॉलिश करतात, मैदानावर जातात आणि शेजाऱ्याच्या पावलाला पाऊल जुळवण्याचा सराव तासन् तास करतात.

26 जानेवारीला टीव्हीवर त्यांची तुकडी काही सेकंदच दिसते. एका तुकडीत 148 कॅडेट. हात एका उंचीवर, टाचा एका ठोक्यावर. आपण कौतुकाने पाहतो, आणि तेवढ्यात पुढची तुकडी येते. त्या काही सेकंदांची सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या शाळेच्या धुळीच्या मैदानावर, आठवीच्या वर्गात झालेली असते. तिथून दिल्लीतल्या कर्तव्यपथापर्यंतची वाट कशी जाते आणि तिच्यासाठी काय तयारी लागते, हे पालकांना आणि मुलांना नीट माहीत असायला हवं. कारण ड्रिलबद्दल एक मोठा गैरसमज आहे. जो सर्वांत जोरात पाय आपटतो तो सर्वांत चांगला कॅडेट, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात जो रांग मोडू देत नाही, त्याच्यावर ड्रिल शिकवणाऱ्या उस्तादांची नजर ठरते.

आठवीचा फॉर्म

एनसीसीचा पाया स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर घातला गेला. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली 1946 मध्ये समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींवरून 1948 मध्ये कायदा झाला आणि 15 जुलै 1948 ला संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग सुरू झाला. 1962 च्या चीन युद्धानंतर काही वर्षं कॉलेजांत एनसीसी सक्तीची होती. 1968 पासून ती पुन्हा ऐच्छिक झाली आणि आजही ऐच्छिकच आहे. हे महत्त्वाचं आहे. मैदानावर उभा असलेला प्रत्येक मुलगा आणि मुलगी तिथे स्वतःच्या इच्छेने आलेली असते.

शाळेतल्या मुलांसाठी ज्युनियर डिव्हिजन आणि मुलींसाठी ज्युनियर विंग असते. सहसा आठवीत प्रवेश मिळतो आणि प्रशिक्षण दोन वर्षांचं असतं. ते पूर्ण केलं की ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. ‘बी’ आणि ‘सी’ ही पुढची प्रमाणपत्रं कॉलेजात मिळतात. शाळा सुरू झाल्यावर एनसीसीचे सर किंवा मॅडम वर्गात येऊन नावं मागतात. हे शाळेतलेच शिक्षक असतात. एनसीसीच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत प्रशिक्षण घेऊन ते सहयोगी एनसीसी अधिकारी, म्हणजे एएनओ, झालेले असतात. फॉर्मबरोबर पालकांची संमती, वैद्यकीय दाखला आणि बँक खात्याचा तपशील लागतो. जागा ठरावीक आणि इच्छुक जास्त असले की धावणं, उंची, तब्येत आणि दोन-चार प्रश्नांची उत्तरं यांवर निवड होते.

आपल्या शाळेत एनसीसी नसेल तर पालकांनी मुख्याध्यापकांकडे चौकशी जरूर करावी. मान्यता मिळायला वेळ लागतो, पण शाळेने अर्ज केल्याशिवाय काहीच हलत नाही. तोपर्यंत स्काऊट-गाईड किंवा रस्ता सुरक्षा दलाच्या (आरएसपी) पथकातही संचलनाचे मूळ धडे गिरवता येतात.

सावधान म्हणजे काय

ड्रिल शिकवायला, शाळा ज्या एनसीसी बटालियनखाली येते तिच्याकडून सैन्यातले हवालदार किंवा सुभेदार येतात. कॅडेट त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात. हुकूम हिंदीत असतात आणि पहिल्याच दिवशी कानावर पडतो तो हा : ‘लंबा दाहिने, छोटा बाएँ’. उंच उजवीकडे, बुटका डावीकडे. मित्राशेजारी उभं राहायची सवय तिथेच सुटते.

मग ‘सावधान’. टाचा जुळलेल्या, चवड्यांमध्ये 30 अंशांचा कोन, मुठी बंद, अंगठे पँटच्या शिवणीला लागलेले, मान सरळ, नजर समोर. ‘विश्राम’ला डावा पाय 12 इंच डावीकडे आणि हात पाठीमागे, उजवा हात डाव्यावर. वाचायला सोपं आहे. पण तेरा वर्षांच्या मुलाला नाकावर माशी बसलेली असताना हात न हलवता उभं राहायचं असतं, आणि ते जमायला आठवडे जातात.

त्यानंतर वळणं. ‘दाहिने मुड़’ म्हटलं की उजवी टाच आणि डावा चवडा यांवर शरीर 90 अंशांत फिरवायचं, क्षणभर थांबायचं, मग डावा पाय उचलून उजव्याशेजारी आणायचा. या थांबण्यातच ड्रिलचा प्राण आहे. ‘एक, दो-तीन, एक’ असं मोजत सगळे सराव करतात, कारण मधला ‘दो-तीन’ सगळ्यांचा सारखा लांब झाला तरच शेवटचा आवाज एक येतो. नवशिका कॅडेट हालचाल पटकन उरकतो. मुरलेला कॅडेट थांब्याची पूर्ण किंमत मोजतो.

मग ‘कदम ताल’, म्हणजे जागच्या जागी पावलं, ‘तेज चल’, ‘थम’. तेज चालीत एक पाऊल 30 इंचांचं आणि वेग मिनिटाला साधारण 120 पावलांचा. पाच फूट उंचीच्या आणि पावणेसहा फूट उंचीच्या कॅडेटने तेवढंच पाऊल टाकायचं. म्हणजे एकाला ते ताणावं लागतं, दुसऱ्याला आवरावं लागतं. मैदानावर चुन्याच्या रेघा मारून हे अंतर पायांत भिनवलं जातं.

तुकडी वळणावर घूम घेते तेव्हा ही समज सर्वांत जास्त कसाला लागते. ‘दाहिने घूम’ला आतल्या बाजूचा कॅडेट जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो, बाहेरचा लांब ढांगा टाकतो, आणि मधल्या प्रत्येकाचं पाऊल निराळं असतं. तरी रांग सरळ राहिली पाहिजे. यासाठी कोणी आकडा सांगत नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याचा खांदा पाहत प्रत्येकाने आपलं पाऊल स्वतः ठरवायचं असतं.

उजवीकडचा दर्शक

तुकडीत सर्वांत अवघड जागा कोणती? पाहणाऱ्यांना वाटतं, पुढे चालणाऱ्या कमांडरची. कमांडरकडे आवाज, आत्मविश्वास आणि वेळेचं भान हवं, हे खरंच. हुकमाचा पहिला भाग लांबवून सावध करायचं आणि शेवटचा शब्द ठरावीक पावलावर तोडायचा. पाऊल चुकलं की मागची सगळी तुकडी चुकते. आवाज पोटातून काढायला शिकावं लागतं. या वयात मुलांचा आवाज फुटत असतो, तेव्हा घसा ताणून ओरडण्याने तो बसतो.

पण पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाला उभ्या असलेल्या दर्शकाकडे एकदा लक्ष द्या. ‘दाहिने सज’ला सगळी रांग मान उजवीकडे वळवून सरळ होते, दर्शक मात्र समोरच पाहतो. मानवंदनेच्या वेळी ‘दाहिने देख’ म्हटलं की सगळ्यांच्या नजरा मंचाकडे वळतात, आणि उजव्या कडेचा कॅडेट तेव्हाही समोर पाहत चालतो. त्याने मान वळवली तर दिशा कोण धरणार? प्रमुख पाहुण्यांकडे पाहायचा मान सोडून तो तुकडीची रेघ सांभाळतो. उस्ताद ही जागा ज्याला देतात, त्याच्यावर त्यांचा सर्वांत जास्त विश्वास असतो.

शरीराची तयारी

संचलनात उभं असलेलं एखादं मूल चक्कर येऊन कोसळलेलं आपण अनेकदा पाहतो. त्याचं कारण अशक्तपणाच असतो असं नाही. बराच वेळ गुडघे ताठ धरून निश्चल उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि मेंदूला कमी पोहोचतं. उपाय साधे आहेत : उपाशीपोटी परेडला जायचं नाही, आधी पाणी प्यायचं, गुडघे आतून किंचित सैल ठेवायचे, बुटाच्या आत बोटं हलवत राहायचं, पोटऱ्यांचे स्नायू मधूनमधून आवळायचे. बाहेरून यातलं काही दिसत नाही. तरीही डोळ्यांसमोर अंधारी आली तर लगेच सांगून खाली बसावं. त्यात कमीपणा काही नाही, आणि शिक्षकांनीही तो मानू नये.

दुसरा त्रास नडगीच्या दुखण्याचा. कडक जमिनीवर एकदम तासन् तास पाय आपटले की नडगीचं हाड दुखावतं. म्हणून सराव हळूहळू वाढवावा, सुरुवातीला साध्या बुटांत आणि मातीच्या मैदानावर करावा, आधी पोटऱ्या आणि घोटे मोकळे करून घ्यावेत. रोज थोडं धावणं, दोरीवरच्या उड्या, पाठ आणि पोट यांचे व्यायाम, एवढं घरी करता येतं. आहाराला खास पावडरी लागत नाहीत. भाकरी, उसळ, दूध, अंडी, शेंगदाण्याचा लाडू आणि पुरेशी झोप पुरते. दुखणं हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. वाढत्या वयातल्या हाडांवर जिद्दीच्या नावाखाली अत्याचार करू नये.

गणवेशाची तयारी हा वेगळा अभ्यास आहे. खाकी कपड्यांना कडक इस्त्री, पितळी बक्कल ब्रासोने लखलखीत, बेरेटवरचा लाल हॅकल ताठ. बुटांवर पॉलिशचा पातळ थर देऊन ओल्या कापसाने गोल गोल घासत राहायचं, पुन्हा थर, पुन्हा घासणं. मुलींनी केसांचा अंबाडा जाळीत बसवायचा. आईने इस्त्री करून दिलेला गणवेश उस्तादांना लगेच ओळखू येतो, असं कॅडेट सांगतात. ते खरं असो वा नसो, स्वतःचा गणवेश स्वतः तयार करणाऱ्या मुलाच्या उभं राहण्यात फरक पडतो.

निवडीच्या पायऱ्या

शाळेच्या तुकडीतून बटालियन, बटालियनमधून ग्रुप, आणि ग्रुपमधून राज्याचं संचालनालय अशी निवड वर चढते. महाराष्ट्रात मुंबईचे दोन आणि पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर असे ग्रुप आहेत. त्यांच्यातल्या चुरशीच्या स्पर्धेतून अंतिम संघ ठरतो. प्रत्येक शिबिरातून काहीजण घरी परततात. उंचीही पाहिली जाते. ती कोणाच्या हातात नसते. पण दिल्लीच्या संघात केवळ संचलन करणारे नसतात. मानवंदनेची तुकडी, सर्वोत्कृष्ट कॅडेट, सांस्कृतिक कार्यक्रम, जहाज आणि विमानांच्या प्रतिकृती, घोडेस्वारी, राज्याची ओळख करून देणारा ध्वजक्षेत्राचा देखावा अशा अनेक वाटा आहेत, आणि सर्वोत्कृष्ट कॅडेटच्या स्पर्धेत शाळकरी कॅडेटसाठी वेगळा गट असतो. वक्तृत्व, सामान्यज्ञान, चित्रकला, नाच यांपैकी एखादी गोष्ट येत असेल तर ती सोडू नये.

दिल्ली छावणीतल्या करिअप्पा परेड ग्राउंडवर जानेवारीभर प्रजासत्ताक दिनाचं शिबिर चालतं. 2025 च्या शिबिरात 2,361 कॅडेट होते, त्यांत 917 मुली. देशातल्या 17 संचालनालयांमधल्या स्पर्धेत पहिलं येणाऱ्याला पंतप्रधानांचा ध्वज मिळतो. 2022 मध्ये महाराष्ट्राने तो बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर परत आणला. कर्तव्यपथावरच्या मोठ्या तुकड्या कॉलेजच्या कॅडेटच्या असतात. शाळेत घोटलेली ड्रिल तिथपर्यंत उपयोगी पडते.

आणि त्याच्याही पुढे. ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवणाऱ्या पदवीधरांना लेखी परीक्षेशिवाय लष्करी अधिकारी होण्यासाठी एनसीसी स्पेशल एंट्री आहे. मुलाखत मंडळाची चाळणी मात्र पार करावी लागते. आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत नव्या कॅडेटला ड्रिलची परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते. तिथल्या खेत्रपाल परेड ग्राउंडवर 30 मे 2025 ला पहिल्या 17 मुली प्रबोधिनीतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. गावातल्या शाळेत खाकी घालणाऱ्या मुलीला आता ती वाट डोळ्यांसमोर दिसते.

हे सगळं कशासाठी

बंदुका सावकाश भराव्या लागत त्या काळात ड्रिल ही लढाईची गरज होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये मॉरिस ऑफ नासाऊ याने बंदूक भरण्याची क्रिया लहान लहान हुकमांत मोडली आणि सैनिकांकडून ती एकत्र घोटून घेतली. आज रणांगणावर कोणी रांगेत चालत नाही. तरी जगातली बहुतेक सैन्यं सुरुवातीपासून ड्रिल शिकवतात. अमेरिकन इतिहासकार विल्यम मॅकनील 1941 मध्ये सैन्यात भरती झाले तेव्हा त्यांनाही या कवायतीचा उपयोग दिसत नव्हता. पण सगळ्यांबरोबर चालताना मन भरून येतं, हा अनुभव त्यांना आला. त्याचा शोध घेत त्यांनी 1995 मध्ये एक ग्रंथ लिहिला. नाच, सामूहिक श्रम आणि कवायत यांतली एकत्र लय माणसांना एकमेकांशी बांधते, असं त्यांनी त्यात मांडलं.

आपल्याला हे नवं नाही. पंढरीच्या वाटेवरची दिंडी आणि लेझीमचं पथक आपण पाहतोच. शाळेच्या तुकडीत वेगवेगळ्या घरांतली, जातींतली, ऐपतीची मुलं उंचीच्या क्रमाने उभी राहतात आणि एकमेकांची पावलं सांभाळतात, हा या शिक्षणाचा मोठा लाभ मला वाटतो. तो दिल्लीला निवड न झालेल्यालाही तितकाच मिळतो. पालकांनी म्हणूनच ‘सिलेक्शन झालं का?’ या प्रश्नाआधी ‘काय शिकलास?’ हे विचारावं.

यासाठी शाळांनी दोन गोष्टी जपायला हव्यात. एक मैदान. वर्गखोल्या वाढवताना ते आक्रसत गेलं तर तुकडी उभी कुठे राहणार? दुसरी गोष्ट म्हणजे शिकवण्यातला आदर. शिस्त अपमान करून लागत नाही. चुकलेल्या मुलाला शंभर वेळा तेच करून दाखवणारा उस्ताद त्याला जन्मभर लक्षात राहतो. शिव्या देणारा भीती तेवढी पेरतो, आणि घाबरलेली तुकडी हुकमाची वाट न पाहता आधीच हलते.

जूनमध्ये तुमच्या घरातलं आठवीतलं मूल एनसीसीचा फॉर्म घेऊन आलं तर अभ्यासाचा वेळ जाईल या काळजीने तो बाजूला ठेवू नका. आठवड्यातले थोडे तास जातील, गणवेश मळेल, पाय दुखतील. त्या बदल्यात स्वतःचं पाऊल दुसऱ्याच्या पावलाशी जुळवायची सवय लागेल. पुढे सैन्यात जावो, दवाखान्यात, कारखान्यात वा शेतात, ती सवय त्याला रोज लागणार आहे.