फांदी उचलणारी किल्ली

दापोलीच्या शाळेत शिकलेले पांडुरंग वामन काणे ‘व्यवहारमयूख’ या संस्कृत ग्रंथाचे संपादन करताना त्याला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा इतिहास लिहायला बसले. तो प्रस्तावनेत मावेना. त्याचाच वेगळा ग्रंथ झाला. पहिला खंड १९३० मध्ये निघाला, पाचवा १९६२ मध्ये पुरा झाला. मोठ्या लेखनात हे घडतेच. पोटमुद्दा मूळ मुद्द्याला भारी होतो आणि त्याला सगळ्या गोतावळ्यासकट वरच्या पातळीवर आणावे लागते. आराखड्याने लिहू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे आउटलायनरच्या, शॉर्टकटची खरी परीक्षा इथे होते.

खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये इमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमसाठी ऑर्ग-मोड हा असा आउटलायनर लिहिला. त्यात मथळ्यापुढे जितक्या चांदण्या तितकी त्याची पातळी खोल. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या एखाद्या प्रबंधाचा आराखडा घेऊ: ‘आंब्यावरील कीड-रोग’ हा मुद्दा, त्याखाली तुडतुडे, भुरी, करपा. ऑल्ट धरून वरचा बाण दाबला की अख्खी फांदी, म्हणजे पोटमुद्द्यांसकट मथळा, वर सरकते. पण ऑल्टसोबत उजवा बाण दाबला तर फक्त मथळा एक पायरी आत जातो, आणि तुडतुडे, भुरी, करपा त्याची पोरे न राहता भावंडे होतात. फांदी सोबत न्यायची तर शिफ्टही धरावी लागते. यातला धोका प्रोग्रॅमलाही ठाऊक आहे: फांदीची घडी घातलेली असेल, तर तो नुसता मथळा हलवायला नकार देतो आणि आधी घडी उघडा किंवा शिफ्टवाली आज्ञा वापरा असे सांगतो. माझ्या मते इथे क्रम उलटा हवा. साध्या किल्लीने फांदी हलावी, एकट्या मथळ्यासाठी शिफ्ट लागावी. कधीकधी एकटा मथळाच हलवायचा असतो हे खरे, पण क्वचित लागणाऱ्या कामासाठी एक बोट जास्त लागले तर बिघडत नाही.

बाणांपेक्षा अक्षरे लक्षात राहतात, असा आक्षेप येईल. कॉपीसाठी सी, हे इंग्रजीत सोपेच आहे. पण इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकात त्याच किल्लीवर ‘म’ आहे. सगळ्या संगणकाचा कळफलक इनस्क्रिप्टवर ठेवला की इमॅक्सला कंट्रोल-सी ऐवजी कंट्रोल-म पोचू शकते, आणि ती आज्ञा त्याला ओळखता येत नाही. त्यावर इमॅक्सची स्वतःची इनस्क्रिप्ट सोय हा चांगला तोडगा आहे: ती मजकुरापुरतीच चालते, आज्ञांना हात लावत नाही. बाणांवर मात्र अक्षरच नसते. मराठीतून इंग्रजी संदर्भाकडे जाऊन परत आले, तरी फांदी हलवणाऱ्या बोटांना काही बदलावे लागत नाही.